‘जवळ’ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

‘माझं घर स्टेशनपासून जवळ आहे’ हे मराठीत अगदी स्वच्छ वाक्य आहे. तेच इंग्रजीत सांगताना पुष्कळ जण ‘माय हाउस इज निअर फ्रॉम द स्टेशन’ म्हणतात आणि समोरचा क्षणभर अडखळतो. बोलणाऱ्याचा अभ्यास कमी पडला असं इथे झालेलं नसतं. त्याने मराठीचा नियम इमानाने पाळलेला असतो. लांब असो की जवळ, आपण अंतर ‘पासून’नेच मोजतो: स्टेशनपासून लांब, स्टेशनपासून जवळ. इंग्रजीत ही जोडी फुटते. लांबसाठी ‘फ्रॉम’ येतो, ‘फार फ्रॉम द स्टेशन’. जवळसाठी मात्र तो येत नाही. ‘निअर’नंतर थेट ठिकाणाचं नाव घ्यायचं: ‘निअर द स्टेशन’. ‘निअर’ऐवजी ‘क्लोज’ घेतला तर मध्ये ‘टू’ हवाच: ‘क्लोज टू द स्टेशन’.

‘फ्रॉम’ वापरायची इतकीच हौस असेल तर अंतराचा आकडा सांगा. ‘टू किलोमीटर्स फ्रॉम द स्टेशन’, ‘अ टेन-मिनिट वॉक फ्रॉम द स्टेशन’ ही वाक्यं बिनचूक आहेत, कारण तिथे खरंच एका टोकापासून मोजमाप चाललं आहे. नुसतं जवळ म्हणताना मोजमाप नसतं.

मग ‘निअर टू’ चुकीचं का? नाही. तुलना करताना तर ‘टू’ अगदी सहज येतो: ‘माय ऑफिस इज निअरर टू दादर दॅन टू ठाणे’. मनाच्या अवस्थेबद्दलही तो चालतो, ‘शी वॉज निअर टू टिअर्स’, म्हणजे ती रडण्याच्या बेतात होती. पण घर, दुकान, शाळा कुठे आहे एवढंच सांगायचं असेल तर नुसता ‘निअर’ पुरतो.

हे झालं शब्दामागच्या शब्दाबद्दल. खरा गुंता ‘जवळ’मध्येच आहे, आणि मला वाटतं तो समजला की बाकीचं अर्धं काम आपोआप होतं.

जिथे अंतराचा प्रश्नच नसतो

‘निअर म्हणजे जवळ’ हे आपण लहानपणी पाठ केलं. ते खरं आहे. उलट बाजूने मात्र ते खरं नाही, कारण मराठीतला ‘जवळ’ अंतराखेरीज आणखी बरीच कामं करतो आणि त्यांपैकी एकालाही ‘निअर’ चालत नाही.

‘माझ्याजवळ सुटे पैसे नाहीत.’ इथे पैसे किती अंतरावर आहेत हा प्रश्नच नाही. ते माझ्या ताब्यात आहेत की नाहीत एवढंच सांगायचं आहे. इंग्रजीत हे काम ‘हॅव’ करतो: ‘आय डोन्ट हॅव चेंज’. आत्ता, या क्षणी, खिशात नाहीत असं सांगायचं असेल तर शेवटी ‘ऑन मी’ जोडा: ‘आय डोन्ट हॅव एनी कॅश ऑन मी’. पैसे घरी आहेत, बँकेत आहेत, फक्त अंगावर नाहीत, हे सगळं त्या दोन छोट्या शब्दांत येतं. कागदपत्रं किंवा छत्रीसारख्या वस्तूंसाठी ‘विथ मी’ही चालतं: ‘आय डोन्ट हॅव माय पासपोर्ट विथ मी’. मराठीतही हा फरक आपण नकळत पाळतोच. ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणतो तेव्हा मालकी सांगतो आणि ‘तुझ्याजवळ पेन आहे का’ विचारतो तेव्हा हाताशी काय आहे ते विचारतो.

दुसरं काम सोबतीचं. ‘बाळ आजीजवळ आहे’ याचा अर्थ आजी त्याला सांभाळते आहे. ‘द बेबी इज निअर हर ग्रँडमदर’ म्हटलं तर इंग्रजी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजीपासून थोड्या अंतरावर असलेलं बाळ येईल, सांभाळण्याचा अर्थ पोचणारच नाही. इथे ‘विथ’ हवा. ‘धाकटा मुलगा आईवडिलांजवळ राहतो’ हे वाक्य तर मराठीतच दोन अर्थांचं आहे. एकाच घरात राहत असेल तर ‘ही लिव्ह्ज विथ हिज पेरेंट्स’, त्यांच्या भागात वेगळं घर करून राहत असेल तर ‘ही लिव्ह्ज निअर हिज पेरेंट्स’. इंग्रजी बोलताना हा निर्णय टाळता येत नाही. कुटुंबाची माहिती भरायच्या एखाद्या फॉर्मवर हे वाक्य लिहायचं असेल तर एका शब्दाने घरात माणसं किती हेच बदलतं.

तिसरं काम बोलण्याचं. ‘आईजवळ बोल’, ‘त्याने माझ्याजवळ कबूल केलं’, ‘तिने शेजारणीजवळ तक्रार केली’. या सगळ्या ठिकाणी बोलणं एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं आहे, म्हणून ‘टू’: ‘टॉक टू युअर मदर’, ‘ही अ‍ॅडमिटेड इट टू मी’, ‘शी कम्प्लेन्ड टू हर नेबर’. मन मोकळं करणं एवढं मात्र वेगळं आहे. ‘ती माझ्याजवळ मन मोकळं करते’ म्हणजे ‘शी कन्फाइड्स इन मी’. तिथे ‘इन’ येतो आणि तो तसाच लक्षात ठेवावा लागतो.

खरं अंतर: किती जवळ, कसं जवळ

आता ठिकाणांकडे येऊ. इथे मराठी आपल्याला नडत नाही, उलट मदत करते. फक्त ‘जवळ’वर न थांबता आपलेच बाकीचे शब्द आठवायला हवेत: शेजारी, पाशी, लगत, काठी, आसपास. त्यांच्यातले फरक आपल्याला न शिकवता कळतात आणि इंग्रजीतले फरक बरेचसे त्याच रेषांवर पडतात.

‘शेजारी’ म्हणजे ‘नेक्स्ट टू’. मध्ये तिसरं काही नाही. ‘द फार्मसी इज नेक्स्ट टू द बँक’ म्हटलं की बँकेला लागून पहिलंच दुकान. मध्ये दोन दुकानं असतील तर ते ‘निअर द बँक’ झालं. ‘बिसाइड’चा अर्थही शेजारी हाच, फक्त तो शब्द बोलण्यापेक्षा लिहिण्यात जास्त दिसतो. त्याच्या शेवटी ‘स’ लागून ‘बिसाइड्स’ झाला की अर्थ ‘शिवाय’ होतो, त्याचा जागेशी संबंध उरत नाही.

‘पाशी’ हा फार सुंदर शब्द आहे आणि इंग्रजी शिकणाऱ्याने तो जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं. ‘दारापाशी कोणीतरी उभं आहे’ याचं इंग्रजी ‘देअर इज समवन अ‍ॅट द डोअर’. ‘निअर द डोअर’ म्हटलं तर तो माणूस खोलीच्या आत, दारापासून चार पावलांवरही असू शकतो. ‘अ‍ॅट’मध्ये तो नेमका दारात आहे आणि बहुधा आत यायची वाट बघतो आहे. कोणाला भेटायचं ठरवताना हा फरक फार उपयोगी पडतो. ‘आय विल वेट अ‍ॅट द बस स्टॉप’ म्हटलंत तर समोरचा थेट स्टॉपवर येईल. ‘निअर द बस स्टॉप’ म्हटलंत तर तो आजूबाजूला शोधत राहील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

‘पाशी’चा दुसरा जोडीदार ‘बाय’. खिडकीपाशी बसून वाचणं म्हणजे ‘सिटिंग बाय द विंडो’. ‘बाय’ म्हणजे कडेला, अगदी लगत. कोकणातलं उदाहरण घेऊ. हर्णै समुद्राला खेटून आहे, तिथे ‘बाय द सी’ शोभतं. दापोली किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, उंचावर आहे. ती ‘निअर द सी’. हॉटेलच्या जाहिरातीत ‘बाय द सी’ वाचून गेलेल्या माणसाला खोलीतून समुद्र दिसायची अपेक्षा असते आणि ती रास्त असते. गावाच्या नावापुढे मात्र ‘बाय’ येत नाही. आळंदी ‘निअर पुणे’ आहे, ‘बाय पुणे’ नाही.

याच ‘बाय’चा एक धोका सांगून पुढे जातो. वेळेबद्दल बोलताना त्यात जवळपासचा अर्थ उरत नाही. ‘फिनिश इट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या सुमारास नव्हे, जास्तीत जास्त शुक्रवारपर्यंत. सुमारास म्हणायचं असेल तर ‘अराउंड फ्रायडे’. ऑफिसच्या ईमेलमध्ये या दोघांची अदलाबदल झाली तर काम उशिरा झाल्याचा ठपका येतो, आणि तो कशामुळे आला हे ऐकणाऱ्यालाही कळत नाही, सांगणाऱ्यालाही नाही.

नदी आणि किनारा यांना ‘ऑन’ लागतो. पंढरपूर ‘ऑन द भीमा’, नाशिक ‘ऑन द गोदावरी’, मुंबई ‘ऑन द वेस्ट कोस्ट’. हा ‘ऑन’ अनेकांना खटकतो, गाव नदीवर कसं असेल असं वाटतं. पण आपणही ‘काठावर’ म्हणतोच, त्यातला ‘वर’ तोच आहे. किनाऱ्यापासून सुटून पाण्यात असलेल्या जागेला ‘ऑफ’ लागतो. मुरूडचा जंजिरा ‘ऑफ द कोस्ट’ आहे, कारण तो बेटावर आहे. पत्त्यांमध्ये दिसणारा ‘ऑफ’ही याच घरातला. ‘ऑफ लक्ष्मी रोड’ म्हणजे घर लक्ष्मी रोडवर नाही, त्या रस्त्यापासून फुटणाऱ्या गल्लीत आहे. नुसतं ‘निअर लक्ष्मी रोड’ लिहिण्यापेक्षा ही माहिती कितीतरी जास्त कामाची आहे.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर ‘समोर’चंही सांगतो. ‘शाळेसमोर’ म्हणजे शाळेच्या फाटकापुढे, की रस्त्याच्या पलीकडे? मराठीत दोन्ही. इंग्रजीत फाटकापुढे उभी केलेली गाडी ‘इन फ्रंट ऑफ द स्कूल’ असते आणि रस्त्यापलीकडचं दुकान ‘ऑपॉझिट द स्कूल’. ‘ऑपॉझिट’नंतरही काही जोडायची गरज नाही. ‘ऑपॉझिट ऑफ’ म्हटलं की तो विरुद्धार्थी शब्दांचा प्रश्न होतो. अमेरिकेत याच अर्थाने ‘अक्रॉस फ्रॉम द स्कूल’ म्हणतात, तिथे राहणाऱ्यांनी ते उचलावं.

इथे जवळ, जवळचं आणि पुढचं

नवख्या गावात सगळ्यांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘इथे जवळ एखादं मेडिकल आहे का?’ याचा शब्दाला शब्द ठेवून ‘हिअर निअर’ होतं आणि ते इंग्रजी राहत नाही. बरोबर क्रम ‘निअर हिअर’: ‘इज देअर अ फार्मसी निअर हिअर?’ किंवा नुसतं ‘निअरबाय’. ‘निअरबाय हिअर’ असं दोन्ही जोडू नये, कारण ज्या जागेबद्दल बोलणं चाललं आहे तिच्या जवळ हा अर्थ ‘निअरबाय’च्या पोटात आधीच आहे. त्याच कारणाने ‘निअरबाय द स्टेशन’ऐवजी ‘निअर द स्टेशन’ बरं. आणि परदेशात औषधांच्या दुकानाला ‘मेडिकल’ म्हटलेलं कोणाला कळेलच असं नाही. इंग्लंडमध्ये ‘केमिस्ट’, अमेरिकेत ‘फार्मसी’.

‘जवळचं दुकान’ म्हणजे ‘अ निअरबाय शॉप’. ‘अ निअर शॉप’ म्हणत नाहीत. नामाच्या आधी ‘निअर’ मोजक्याच ठिकाणी बसतो: ‘द निअर फ्यूचर’, ‘अ निअर रिलेटिव्ह’, ‘अ निअर मिस’. हा शेवटचा शब्दप्रयोग विमानांच्या बातम्यांत येतो. दोन विमानं एकमेकांच्या धोकादायक जवळ आली पण धडकली नाहीत, असा त्याचा अर्थ. ‘निअरेस्ट’ला मात्र कुठलंच बंधन नाही: ‘द निअरेस्ट शॉप’, ‘द निअरेस्ट हॉस्पिटल’.

‘निअरेस्ट’ आणि ‘नेक्स्ट’ यांची गल्लत होते, आणि त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत जवळसाठी जो शब्द होता त्याचं आजचं रूप ‘नाय’. तो आता कवितेत किंवा धर्मग्रंथांत भेटतो. त्याचं ‘अधिक जवळ’ हे रूप होतं आजचा ‘निअर’, आणि ‘सर्वांत जवळ’ हे रूप होतं आजचा ‘नेक्स्ट’. इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेत ‘निअर’शी मिळताजुळता शब्द साध्या ‘जवळ’च्या अर्थानेही चालत असे. हळूहळू ‘निअर’मधला ‘अधिक’ गळून पडला आणि तो नुसता ‘जवळ’ झाला. मग तुलनेसाठी ‘निअरर’ आणि ‘निअरेस्ट’ नव्याने घडवावे लागले. ‘नेक्स्ट’ मोकळा झाला आणि क्रमाकडे सरकला: पुढचा, लागूनचा. ‘नेबर’ म्हणजे शेजारी, त्याचा पहिला भागही त्याच ‘नाय’चा आहे, मूळ अर्थ जवळ राहणारा.

आज त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ ऐकू येतं तोच ‘नेक्स्ट स्टेशन’, म्हणजे क्रमाने यानंतर येणारं. गाडीने नुकतंच एक स्टेशन सोडलेलं असेल तर अंतराने सर्वांत जवळचं स्टेशन मागे असेल, तरी ‘नेक्स्ट’ पुढचंच. रस्त्यावर उभं राहून विचारताना मात्र ‘व्हेअर इज द निअरेस्ट स्टेशन?’ असंच विचारायचं. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येता शुक्रवार की त्यानंतरचा, यावर जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. तिथे सरळ तारीख सांगावी.

‘क्लोज’चे दोन उच्चार

‘क्लोज’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘बंद’. फट उरली नाही इतकं जवळ, असा अर्थाचा प्रवास झाला. बंद करणे या क्रियापदाच्या शेवटी ‘झ’ ऐकू येतो, जवळ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी स्वच्छ ‘स’: ‘क्लोझ द डोअर’, पण ‘क्लोस टू द डोअर’. मराठीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात म्हणून हा फरक आपल्या कानावरून निसटतो. चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिला की जिभेवर बसतो.

अंतरासाठी ‘निअर’ आणि ‘क्लोज टू’ बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी चालतात, ‘क्लोज’ थोडा अधिक जवळचा. नात्यात ‘क्लोज’च हवा. जिवलग मित्र ‘अ क्लोज फ्रेंड’, ‘निअर फ्रेंड’ कोणी म्हणत नाही. अटीतटीचा सामना ‘अ क्लोज मॅच’. शरीराने जवळ उभं राहणं म्हणजे ‘स्टँड क्लोज’. बारकाईने पाहणं म्हणजे ‘लुक क्लोजली’.

‘निअर’ला ‘ली’ जोडला की मात्र अंतर पूर्ण संपतं. ‘ही लिव्ह्ज निअरली’ असं वाक्य होतच नाही, कारण ‘निअरली’ म्हणजे ‘जवळजवळ’.

आकड्यांतलं जवळपास

‘जवळपास दुकान आहे का?’ आणि ‘जवळपास पाचशे माणसं होती’, या दोन वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘निअरबाय’, दुसऱ्याला निराळे शब्द. आणि तिथेही एक बारीक भेद आहे. ‘निअरली 500 पीपल’ म्हणजे 500ला पोचायला थोडे कमी, 485 किंवा 490. ‘अबाउट 500’ किंवा ‘अराउंड 500’ म्हणजे थोडे इकडे किंवा तिकडे. 510 माणसांना ‘निअरली 500’ म्हणता येत नाही. भारतीय इंग्रजीत ‘निअर अबाउट 500’ असं सर्रास ऐकू येतं. तिथे दोघांपैकी एकच शब्द ठेवला की वाक्य सुधारतं.

भूतकाळी क्रियापदाबरोबर ‘निअरली’ आला तर घटना घडलेली नसते. ‘आय निअरली मिस्ड द बस’ म्हणजे बस चुकलीच असती, पण मिळाली. ‘शी निअरली फेल’ म्हणजे पडता पडता वाचली. वाचताना नजर ‘मिस्ड’ आणि ‘फेल’ पकडते आणि ‘निअरली’ सुटतो, म्हणून अर्थ उलटा लागतो.

‘ऑलमोस्ट’चा अर्थही हाच, आणि दहापैकी नऊ ठिकाणी कुठलाही घ्या, चालतो. फरक नकारात दिसतो. ‘जवळजवळ कोणीच आलं नाही’ हे ‘ऑलमोस्ट नोबडी केम’ होतं, ‘निअरली नोबडी’ होत नाही. ‘हार्डली एनीवन केम’ म्हणालात तर आणखी सहज. उलट ‘व्हेरी निअरली’ चालतं, ‘व्हेरी ऑलमोस्ट’ चालत नाही.

आणि ‘निअरली’च्या आधी ‘नॉट’ आला तर अंतर एकदम वाढतं. ‘निअरली इनफ’ म्हणजे जवळजवळ पुरेसं. ‘नॉट निअरली इनफ’ म्हणजे पुरेसं व्हायला अजून पुष्कळ कमी. कर्जाच्या किंवा व्हिसाच्या अर्जावर उत्तर येताना तुमचं उत्पन्न ‘नॉट निअरली इनफ’ आहे असं लिहिलेलं असेल, आणि आपण ते ‘थोडंसंच कमी पडलं’ असं वाचलं, तर एखादं जास्तीचं कागदपत्र जोडून काम होईल असं वाटू शकतं. लिहिणाऱ्याचं म्हणणं मात्र ते उत्पन्न त्या रकमेच्या आसपासही नाही असं असतं.